कॅमेरा हलका, गाठोडं जड

या वेळी एकाच विषयावरची पत्रं जास्त आली: ८×१० इंचाहून मोठ्या फिल्मचा, म्हणजे अल्ट्रा लार्ज फॉर्मॅटचा कॅमेरा, आणि तोही उचलता येईल असा. म्हणून यंदाचं सदर त्यालाच दिलं आहे. मापं इंचातच ठेवली आहेत, कारण फिल्म आणि होल्डर (फिल्म उजेडापासून जपणारी चपटी पेटी) अजून इंचावरच मागावे लागतात.

प्रश्न : मला वावरं, पऱ्हाटी, पळस, नदीकाठ यांचे मोठे काँटॅक्ट प्रिंट (निगेटिव्ह कागदाला थेट टेकवून, त्याच मापाचे) करायचे आहेत. ८×१० वर हात बसला आहे, आता ११×१४ घ्यायचं मनात आहे. धुऱ्यापर्यंत मोटरसायकल जाते, पुढे अर्धा-एक किलोमीटर पायी. सगळ्यात हलका कॅमेरा कोणता? – एक वाचक, आर्वी (जि. वर्धा)

आधी काट्यावर हिशेब करा, कॅमेऱ्याचं नाव नंतर. कॅमेरा पाच किलोचा धरू. ११×१४ चा लाकडी होल्डर एक किलोच्या पुढेमागे भरतो. तीन होल्डर म्हणजे सहा फोटो आणि जवळपास साडेतीन किलो. लेन्स पाव किलोपासून दीड किलोपर्यंत. लाकडी ट्रायपॉड सहा किलो. काळं कापड, मीटर, भिंग आणि पाण्याची बाटली मिळून दीड किलो. बेरीज सोळा-सतरा किलोवर जाते आणि त्यात कॅमेऱ्याचा वाटा तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. दुप्पट पैसे मोजून किलोभर हलका कॅमेरा आणला, तरी पाठीला ते फारसं जाणवणार नाही. ओझं खरं उतरतं ते फॉर्मॅट, लेन्स आणि सोबत न्यायच्या होल्डरांची संख्या यांमुळे.

म्हणून आमचा सल्ला ११×१४ चा नाही, ७×१७ चा आहे. पहिलं कारण फिल्म. ११×१४ ची फिल्म आपल्याकडे दुकानात सहजी मिळत नाही. १४×१७ ची एक्स-रे फिल्म मात्र जिल्ह्याच्या ठिकाणी मेडिकल सामानाच्या दुकानात अजून मिळू शकते आणि ती लांबीच्या बाजूने मधोमध कापली की ७×१७ चे दोन तुकडे पडतात, कचरा जवळजवळ शून्य. त्याच फिल्ममधून ११×१४ काढायचं तर एकच तुकडा निघतो आणि उरलेल्या पट्ट्या वाया जातात. दुसरं कारण देखावा. आपल्याकडचा मुलूख आडवा आहे. सपाट वावर, क्षितिजाला टेकलेली तूर, मधे एखादं बाभळीचं झाड. ११×१४ मध्ये त्याच्या वर नुसतं आभाळ उरतं, आणि एक्स-रे फिल्मवर ते आभाळ पांढरंफटक येतं. तिसरं कारण असं की ७×१७ चं क्षेत्रफळ ११×१४ पेक्षा २३ टक्के कमी आहे. भाता (लेन्स आणि फिल्म यांच्यामधला घड्यांचा पडदा), फोकस बघायची घासलेली काच, होल्डर सगळंच त्या मानाने आटतं, आणि लांबट पेटी पाठीवर उभी नीट बसते.

चांगली पँक्रोमॅटिक, म्हणजे सगळे रंग ओळखणारी फिल्म हवी असेल तर इलफोर्ड कंपनी वर्षातून एकदा ठरावीक मुदतीत अशा आडमापांच्या ऑर्डर विक्रेत्यांमार्फत घेते. ७×१७ त्या यादीत असतं. मुदत चुकली की पुढच्या वर्षापर्यंत थांबा, आणि माल हाती यायलाही काही महिने जातात. कॅमेरा घ्यायच्या आधीच विक्रेत्याशी बोलून ठेवलेलं बरं.

आता कॅमेऱ्यात काय बघायचं ते. तुमच्या कामाला पुढची, लेन्स बसते ती पाटी वर सरकणं (राइज) आणि पुढे झुकणं (टिल्ट) एवढं पुरे. मागची पाटी आडवी फिरणं, दोन्हीकडे शिफ्ट, उभ्या फोटोसाठी उलटी बसणारी पाठ (कॅमेऱ्याची मागची, होल्डर बसतो ती चौकट), यांतली प्रत्येक सोय स्क्रू, पट्ट्या आणि वजन वाढवते. ७×१७ ची पाठ उभी बसवायची तर कॅमेऱ्याची चौकटच मोठी करावी लागते, तेव्हा तो मोह सोडा. भात्याची लांबीही हिशेबानेच घ्या. ४५० मिमीची लेन्स अनंतावर लावली तर भाता ४५० मिमी लागतो. दोन मीटरवर उभ्या माणसावर लावली तर ५८० मिमीच्या आसपास, आणि तेव्हा एक्स्पोजर पाऊण स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट) वाढवावा लागतो. म्हणजे ७०० मिमीचा भाता तुम्हाला भरपूर झाला. मीटरभर भात्याचा कॅमेरा म्हणजे रोज उचलायचं पण कधीच न वापरायचं लाकूड आणि कापड.

नावंच हवीत तर चीनचा शामोनी, अमेरिकेतले रिटर आणि कॅनहॅम. या मापांत हलक्या बांधणीचं काम करणारी ही ओळखीची नावं. शामोनी आणि रिटर यांच्या कॅमेऱ्यांत कार्बन फायबर असतं. मोठ्या समूहांचे आडवे फोटो काढायचे जुने अमेरिकन बँक्वेट कॅमेरे, कोरोना किंवा फोल्मर अँड श्विंगचे, लाकडी आणि देखणे असतात. पण भाता बदलावा लागेल असं धरूनच त्यांची किंमत ठरवा, आणि होल्डर सोबत नसतील तर त्या वाटेला जाऊच नका. मोठ्या मापाच्या होल्डरांना सर्वत्र चालणारं पक्कं एकच माप नाही. एका घराण्याचा होल्डर दुसऱ्याच्या पाठीत बसला तरी त्याची कड खाचेत पूर्ण उतरेलच असं नाही. लोकांना भीती वाटते फोकस चुकेल याची. काँटॅक्ट प्रिंटला एफ/४५ एवढ्या बारीक अॅपर्चरवर अर्ध्या मिलिमीटरचा फरक दिसतही नाही. खरा त्रास उजेड शिरण्याचा, आणि वैशाखातल्या बाराच्या उन्हात तो होतोच. होल्डर बसवल्यावर कॅमेऱ्याच्या पाठीवर काळं कापड टाकूनच स्लाइड (होल्डरचं सरकतं झाकण) ओढा.

हाती आलेला कॅमेरा असा तपासा. लेन्स लावा, भाता लागेल तेवढा ताणा आणि पुढच्या पाटीला बोटाने हलकी टिचकी मारा. घासलेल्या काचेवरचं चित्र थरथरेल. एक-दोन सेकंदांत थांबलं तर ठीक, डोलतच राहिलं तर पुढची पाटी लेन्सच्या मानाने कच्ची आहे. मग एखाद्या उभ्या रेषेवर फोकस करा, होल्डर घाला, काढा आणि परत बघा. रेष सरकलेली दिसली तर होल्डर घालताना पाठ ढकलली जाते आहे. हलक्या कॅमेऱ्यांची नेहमीची खोड हीच. पाठीचे स्क्रू आवळा आणि होल्डर घालताना दुसऱ्या हाताने चौकट मागून धरा. शेवटी अंधाऱ्या खोलीत भात्याच्या आत एक छोटा दिवा सोडून बाहेरून बघा. कोपऱ्यांच्या घड्यांत टिकली टिकली उजेड दिसला तर काळा फॅब्रिक कलर आतून लावा.

ट्रायपॉडवर मात्र वजन वाचवू नका. मोजणीवाल्यांचा लाकडी ट्रायपॉड या कामाला उत्तम आणि परवडणारा. त्याचा स्क्रू ५/८ इंचाचा, इंचाला ११ आट्यांचा असतो. ३/८ चा जोड लेथवाल्याकडून करून घ्या. काळ्या मातीत पावसाळ्यात पाय रुततात आणि उन्हाळ्यात भेगेवर ठेवलेला पाय मधेच खचतो. तीन पायांखाली तीन फरशीचे तुकडे ठेवले की झालं. भाता म्हणजे शिडाचं कापडच, वारा असेल तर अडवायला छत्री घेऊन कुणीतरी सोबत हवं.

प्रश्न : एका बंद पडलेल्या छापखान्यातून प्रोसेस कॅमेऱ्याची (छपाईसाठी चित्रांच्या नकला घेणाऱ्या) ४८० मिमीची लेन्स भंगाराच्या भावात मिळाली. तिला शटर नाही. ७×१७ ला चालेल का? लोणारचं विवर एका फोटोत यावं एवढीच इच्छा. – एक वाचक, मेहकर (जि. बुलढाणा)

७×१७ चा कर्ण ४६७ मिमी. लेन्सचं उजेडाचं वर्तुळ निदान एवढं हवं, आणि पाटी वर सरकवायची असेल तर त्याहून मोठं. प्रोसेस लेन्सच्या माहितीपत्रकात जे वर्तुळ छापलेलं असतं ते बहुधा १:१, म्हणजे मूळ मापाच्या नकलेसाठीचं. त्या वेळी लेन्स दुप्पट अंतरावर असते, म्हणून वर्तुळही दुप्पट. अनंतावर ते निम्मं होतं. इथेच पुष्कळ जण फसतात. दिलासा एवढाच की ते आकडे छपाईच्या कडक कसोटीचे असतात. एफ/४५ ला वर्तुळ चांगलंच पसरतं आणि काँटॅक्ट प्रिंटला तेवढी कडक धार लागत नाही.

आकड्यांवर विसंबण्यापेक्षा घरीच मोजा. खोलीची एक खिडकी पुठ्ठ्याने बंद करून त्यात लेन्सच्या मापाचं भोक पाडा आणि लेन्स बाहेर तोंड करून बसवा. आत ४८० मिमीवर पांढरा चार्टपेपर उभा धरा. बाहेरचं झाड त्यावर उलटं उमटेल. अॅपर्चर एफ/४५ वर न्या आणि जिथवर पानं वेगळी दिसतात तिथवरचा व्यास पट्टीने मोजा. तुमच्या कामाचं वर्तुळ तेच.

लोणारचा हिशेब सरळ आहे. विवराचा व्यास साधारण १.८ किलोमीटर. काठावर उभं राहून ७×१७ वर ४५० मिमीची लेन्स लावली तर आडवा कोन ५१ अंशांचा मिळतो, म्हणजे समोरच्या काठाचा सुमारे १.७ किलोमीटरचा पट्टा. ४८० मिमीत किंचित कमी, १.६ किलोमीटर. सबंध गोल मावणार नाही. पण समोरचा काठ, त्याखालचा उतार आणि पाण्याची कड येईल, आणि खरं सांगायचं तर सबंध गोल मावलेल्या फोटोत विवराची खोली हरवते.

शटर नसण्याचं फारसं मनाला लावून घेऊ नका. झाकण काढून परत लावायला एक सेकंद तरी लागतो, त्याहून कमी वेळ हाताने नेमका देता येत नाही. फिल्मचा वेग (आयएसओ) ५० धरला तर भर उन्हात एफ/६४ ला सेकंदाचा तिसरा भाग लागतो, म्हणजे झाकणाच्या आवाक्याबाहेर. उजेड कमी करणारा तीन स्टॉपचा एनडी फिल्टर लावला की वेळ अडीच सेकंदांवर येतो. सकाळी लवकर किंवा दिवस कलताना फिल्टरचीही गरज नाही. प्रोसेस लेन्सच्या नळीत एक बारीक फट असते, पूर्वी तिच्यात अॅपर्चरच्या पत्र्या किंवा जिलेटिन फिल्टर सरकवत. ती काळ्या टेपने बंद करा, नाहीतर प्रत्येक निगेटिव्हवर एक धूसर पट्टा दिसेल आणि तुम्ही उगाच भात्यावर संशय घेत बसाल.

एकच अडचण: अशी लेन्स किलोच्या वर भरते आणि हलक्या कॅमेऱ्याची पुढची पाटी तिने वाकते. पायी लांब जायचं असेल तर फुजिनॉन सी ४५० मिमी शोधा. छोटं कोपाल १ शटर, वजन पावशेराच्या थोडं वर आणि वर्तुळ ४८६ मिमी. ७×१७ ला ती पुरते आणि वर सरकायला सुमारे २२ मिमी जागा उरते. निक्कॉर-एम ४५० मिमी धारेला तोडीस तोड, पण तिचं जाहीर वर्तुळ ४४० मिमी आहे, तेव्हा कोपऱ्यांची खात्री करूनच घ्या.

प्रश्न : एक्स-रे फिल्म आणली. पहिले आठ तुकडे ओरखड्यांनी भरले, दोन तर मे महिन्यात टबातच पापुद्रा सुटून गेले. काय चुकतं? – एक वाचक, चिमूर (जि. चंद्रपूर)

या फिल्मला दोन्ही बाजूंना इमल्शन, म्हणजे चित्र उमटतं तो जिलेटिनचा थर असतो. एक बाजू तळाला घासते, दुसरी तुमच्या बोटांना. टबाचा तळ खवल्यांचा असेल तर ओरखडे चुकत नाहीत. तळाशी गुळगुळीत काच ठेवा, एका वेळी एकच तुकडा धुवा आणि फिल्म हाताने न उलटता टब हळू हेलकावा. बोटांत नखं वाढलेली नकोत, आणि रबरी मोजा असेल तर तोही ओला करून घ्या.

पापुद्रा सुटतो तो पाण्याच्या उष्णतेने. टाकीचं पाणी मे महिन्यात ३५ अंशांच्या पुढे जातं आणि जिलेटिन फुगून मऊ पडतं. माठाचं किंवा रांजणाचं पाणी वापरा. कोरड्या उन्हाळ्यात ते २४-२५ अंशांपर्यंत उतरतं, थर्मामीटर घालून बघा. पण डेव्हलपर माठाच्या पाण्यात, फिक्सर फळीवरचा आणि धुणं नळाखाली असं केलंत तर जिलेटिन परत दगावणार. तिन्ही भांडी एकाच मोठ्या परातीत पाणी घालून ठेवा, म्हणजे त्यांच्यात दोन-तीन अंशांहून जास्त फरक पडणार नाही. फिक्सर हार्डनर (जिलेटिन कडक करणारं द्रव्य) असलेला घ्या. पावसाळ्यात माठ गार करत नाही, पण तेव्हा पाणी मुळातच इतकं तापलेलं नसतं.

डेव्हलपर एक्स-रेचाच पूर्ण ताकदीने वापरू नका, सावल्या कोळसा आणि आभाळ चुना होतं. रोडिनाल नावाचा डेव्हलपर १:१०० घ्या: एक लिटर पाण्यात १० मिली, २०×४८ सेंटिमीटरच्या टबात तेवढ्याने सेंटिमीटरभर खोली येते. पहिल्या तुकड्याला ६ मिनिटं द्या. ही फिल्म लाल दिव्यात उघडता येते, त्यामुळे डोळ्यांदेखत बघून थांबवा. वेग किती ते तुमच्या डब्याचं तुम्हीच ठरवा: एकाच तुकड्यावर स्लाइड टप्प्याटप्प्याने आत ढकलत १, २, ४, ८ सेकंदांच्या पट्ट्या घ्या. दिवस कलला की उजेडात तांबूसपणा वाढतो आणि वेग पडतो, कारण लाल रंग या फिल्मला दिसतच नाही. म्हणूनच पळसाची फुलं काळी येतात आणि उन्हाने रापलेला चेहरा आणखी रापतो. म्हाताऱ्या माणसाच्या पोर्ट्रेटला ते शोभतं, नवरीच्या फोटोला नाही.

दुकानात मागताना 'वेट फिल्म, ग्रीन सेन्सिटिव्ह' असंच सांगा. हल्ली बऱ्याच ठिकाणी ड्राय फिल्म देतात. ती मशीनच्या उष्णतेवर उमटते, कॅमेऱ्यात तिचा काही उपयोग नाही. कापताना होल्डरची खाच मोजून दीड-दोन मिमी कमीच कापा. तुकडा खाचेत अडकला तर शेतात उभं राहून तो काढता येत नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत खोलीत तंतू उडतात, तेव्हा रात्री जमीन पुसून, पंखा बंद करून होल्डर भरा. होल्डरमधल्या कचऱ्याचा डाग प्रिंटवर काळा येतो, प्रिंट करताना पडलेल्या कचऱ्याचा पांढरा. डागाचा रंग बघितला की दोष कुठला ते कळतं.

प्रश्न : गावातल्या सुताराकडून कॅमेरा करून घ्यायचा आहे. साग वापरू का? – एक वाचक, आरमोरी (जि. गडचिरोली)

साग टिकतो, पण जड पडतो, घनमीटरला साधारण ६५० किलो. तुमच्याकडे शिवण मिळते. ती त्याहून बरीच हलकी, आणि वाळल्यावर कमी वाकते. चौकटी शिवणीच्या करा, सागाच्या पट्ट्या फक्त जिथे स्क्रू आवळले जातात तिथे घाला. लाकूड सावलीत पुरतं वाळलेलं हवं, नाहीतर जुलैत होल्डर अडकेल आणि एप्रिलमध्ये खुळखुळेल. सांध्यांना नुसत्या सरसावर भरवसा ठेवू नका, पितळी कोनपट्ट्या मारा. भाता कातड्याचा नको, वाळवी आणि उंदीर दोघांनाही तो आवडतो.

त्याहून सोपी वाट म्हणजे भात्याशिवायची पेटी. ४५० मिमीची लेन्स एफ/६४ वर ठेवून १६ मीटरवर फोकस पक्का केला, तर आठ मीटरपासून क्षितिजापर्यंत काँटॅक्ट प्रिंटला पुरेशी धार मिळते. सहा मिमी प्लायची पेटी, पुढे लेन्स, मागे होल्डर. फोकस नाही, घासलेली काच नाही, काळं कापड नाही. देखाव्यांसाठी याहून हलकं काही होत नाही. जवळच्या माणसाचा फोटो मात्र विसरा.

प्रश्न : वडिलांच्या स्टुडिओतला १०×१२ चा लाकडी कॅमेरा माळ्यावर आहे, काचेच्या प्लेटचे होल्डर आहेत. काही करता येईल? – एक वाचक, पुसद (जि. यवतमाळ)

नवीन काही विकत घेण्याआधी हाच उतरवा. केरळातल्या आलप्पुळाच्या वागीश्वरीसारखे कॅमेरे आपल्याकडे स्टुडिओंत असायचे, आणि १०×१२ हे एक्स-रे फिल्मचंही माप आहे, न कापता चालणारं. प्लेटच्या जाडीची दोन मिमी काच कापून घ्या आणि फिल्म तिच्या पुढच्या बाजूला ठेवून चारही कडांना बारीक टेप लावा. कडा घासलेल्या हव्यात, नाहीतर होल्डरची मखमल फाटते. भाता बहुधा गेलेलाच असेल, तो बदला. पितळेला पॉलिश करायची घाई नको, आधी स्क्रूंना मशीनच्या तेलाचा एकेक थेंब देऊन रात्रभर ठेवा.

प्रश्न : थेट १६×२० च घ्यावा का? – एक वाचक, वरुड (जि. अमरावती)

नको. कर्ण ६५० मिमी होतो, तेवढं झाकणारी लेन्स मिळवणं अवघड, आणि कॅमेरा खाली झुकवला की एवढी मोठी फिल्म होल्डरमध्ये मधोमध पोट काढते. आधी १४×१७ च्या फिल्मवर, पिनहोलच्या पेटीने, वर्षभर काम करा. २०० मिमी खोल पेटीला ०.६३ मिमीचं भोक पाडा, म्हणजे ते एफ/३१७ होतं. वेग ५० असेल तर भर उन्हात आठ सेकंद, वर लांब एक्स्पोजरची भर वेगळी. कडा मधल्यापेक्षा दोन स्टॉपहून जास्त काळवंडतील, तेव्हा महत्त्वाची गोष्ट फ्रेमच्या मधल्या तिसऱ्या हिश्श्यात ठेवा.